आजी दुधाच्या पिशव्या धुऊन का ठेवते?

चि. ईरा हिला अनेक आशीर्वाद.

काल पुण्याहून आजीच्या घरून केलेल्या फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. आजी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर का वाळत घालते, सगळी मराठी माणसं असंच करतात का, हा पहिला. आणि सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई चहा दारातच उभ्या राहून का पितात, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे आणि ती फोनवर घाईघाईत उरकायची माझी इच्छा नव्हती, म्हणून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आजीला विचार.

पिशव्यांचं आधी सांगते. पुण्यात पुष्कळ घरांत त्या धुऊन साठवतात, कारण रद्दीवाला त्यांचे पैसे देतो. माझ्या लहानपणी आजीसुद्धा त्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर विकायची. आता विकत नाही, ताईंना देते. तू नीट बघ, पिशवी फोडताना आजी टोक पूर्ण कापत नाही. कात्री शेवटाला थांबवते, म्हणजे तुकडा पिशवीलाच लटकत राहतो. तो नखाएवढा तुकडा सुटला की कुणाच्याच हाती लागत नाही, वाऱ्याने उडतो आणि गटारात जातो. पिशवीत चमचाभर दूध राहिलं तरी दुसऱ्या दिवशी ती आंबते, मुंग्या लागतात आणि भंगारवाला भाव पाडतो. ताईंनीच एकदा आजीला सांगितलं होतं, "आई, नुसती इसळून द्या, लई फरक पडतो." त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत ती दोरी आहे.

इथे म्युनिकमध्ये आपण डब्याशेजारी रिकामी बाटली उभी करून ठेवतो ना, बाटल्या गोळा करून, त्या परत देऊन पैसे मिळवणाऱ्या त्या आजोबांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून? तसंच हे. पण पुण्यातल्या बायकांनी त्यापुढे जे केलं ते मला तुला सांगायचं आहे.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा आमच्या रस्त्याच्या टोकाला सिमेंटची उघडी कचराकुंडी होती. शिळं अन्न, फुटक्या काचा, बाळांचे लंगोट, कागद, पत्र्याचे डबे, सगळं एकत्र. पहाटे बायका पाठीला पोतं लावून यायच्या आणि त्यात वाकून हातांनी कागद, काच, पत्रा निवडायच्या. कुत्री अंगावर धावायची. काचेने हात कापायचे. आसपास चोरी झाली की पोलीस सगळ्यांत आधी त्यांनाच हटकायचे. दिवसभर वेचलेलं भंगारवाल्याच्या काट्यावर जायचं आणि तो सांगेल ते वजन, तो देईल तो पैसा.

या बायका कोण होत्या? त्यांतल्या अनेकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. बहुतेक दलित समाजातल्या, मातंग, महार, बौद्ध घरांतल्या. ईरा, हा योगायोग नाही. आपल्या समाजाने शेकडो वर्षं घाण काढायचं काम जन्मावरून ठरवून ठेवलं होतं. गावात ज्यांना जमीन मिळाली नाही आणि शाळा मिळाली नाही, त्यांच्या वाट्याला शहरात कचराकुंडी आली. मराठी रीतीभाती विचारतेस तेव्हा पुरणपोळी आणि गुढीबरोबर हेही मी तुला सांगितलं पाहिजे.

१९९० च्या आसपास कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांनी कचरा वेचणाऱ्या मुलींसाठी वर्ग सुरू केले. लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने ही त्यांतली दोन नावं. शिकवता शिकवता त्या मुलींबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर कुंड्यांवरही जाऊ लागल्या. तिथे एक साधी गोष्ट लक्षात आली. लोकांनी घरातच कागद-प्लास्टिक वेगळं ठेवून थेट या बायकांच्या हातात दिलं, तर माल स्वच्छ मिळेल, जास्त पैसे येतील आणि कुंडीत उतरावं लागणार नाही. मग विद्यापीठाने काही जणींना ओळखपत्रं दिली आणि त्या घरोघरी जाऊन सुका कचरा घेऊ लागल्या.

थोड्याच दिवसांत एका खासगी उद्योजकाने त्याच भागात गाडी लावून तेच काम सुरू केलं. बायकांच्या तोंडचा घास जाणार होता. त्यांनी विरोध केला आणि त्याला माघार घ्यावी लागली. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. तोवर कचरा ही कुणालाच नको असलेली वस्तू होती. त्यातून पैसा निघतो हे कळल्याबरोबर पैसेवाला दाराशी आला. बायकांना उमगलं की एकट्यादुकट्या राहिलो तर कचराही हातचा जाईल.

संघटना कशी बांधायची, याचं एक चांगलं उदाहरण पुण्यातच होतं. बाजारात धान्याची पोती उचलणारे हमाल तू पाहिले आहेस. पूर्वी ते शंभर शंभर किलोचं पोतं एकट्याच्या पाठीवर घ्यायचे. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. पाठ मोडली, म्हातारपण आलं, तर जबाबदार कोण? प्रत्येक व्यापारी म्हणणार, हा माझा नोकर नाही. डॉ. बाबा आढाव यांनी या हमालांना घेऊन हमाल पंचायत उभी केली. ते स्वतः दवाखाना चालवणारे डॉक्टर होते. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना एकत्र केलं. डोक्यावर ओझी वाहणारे ते माथाडी. मोर्चे, संप, सत्याग्रह झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र सरकारला माथाडी कायदा करावा लागला.

त्या कायद्याची युक्ती समजून घे, कारण ती फार हुशारीची आहे. मालक एक नाही ना, मग सगळ्यांचं मिळून एक मंडळ करायचं. त्यात कामगारांचे, व्यापाऱ्यांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. हमाल मंडळाकडे नोंदवायचे, व्यापारीही नोंदवायचे. ज्याने पोतं उचलून घेतलं त्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेली जादा रक्कमही भरायची. तिला लेव्ही म्हणतात. मंडळ हमालाला पगार देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी बघणार. 'हा माझा माणूस नाही' असं म्हणून सुटायची वाटच बंद. पुढे पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणण्यासाठीही हमाल पंचायत वर्षानुवर्षं भांडली. १९७४ मध्ये पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली, कष्टकऱ्यांना ताजं आणि स्वस्त जेवण देणारी केंद्रं. मागच्या वर्षी आजोबांनी तिथूनच झुणका-भाकर आणली होती, तुला तो ठेचा झेपला नव्हता तीच.

तर मे १९९३ मध्ये पुण्यात कचरा वेचकांची परिषद भरली. बाबा आढाव होते, आईने कचरा वेचून वाढवलेले मोहन ननावरे होते, एसएनडीटीच्या कार्यकर्त्या होत्या. आणि आठशेहून जास्त कचरा वेचक होते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत तिथे जन्माला आली. दान देणारी संस्था काढणं सोपं होतं. चादरी वाटल्या असत्या, फोटो निघाले असते. या बायकांनी कामगार संघटना केली, वर्गणी भरून सभासद झाल्या. 'आम्हाला या घाणीतून बाहेर काढा' अशी विनवणी त्यांनी केली नाही. आम्ही काम करतो, ते काम माना, कचऱ्यावर पहिला हक्क आमचा आणि तो आम्हाला स्वच्छ हातांनी घेता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळते ती या मागणीसाठी.

पण महापालिका म्हणणार, तुम्ही आमच्या कामगार कशा? पगार तर आम्ही देत नाही. हमालांना व्यापारी म्हणायचे तेच. पंचायतीने मग हिशेब मांडला. या बायका जेवढं भंगार वेचून काढतात तेवढं पालिकेला ट्रकमध्ये भरून डेपोवर न्यावं लागत नाही. त्या ट्रकचं डिझेल, मजुरी, जागा, सगळं वाचतं. म्हणजे त्या शहराचंच काम करतात, तेही फुकट. १९९६ च्या सुमारास पुणे महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. फोटो आणि शिक्का असलेलं एवढंसं कार्ड, पण आता पोलिसाने हटकलं तर पदरातून काढून दाखवायला काहीतरी होतं. काही वर्षांनी महापालिकेने त्यांचा आरोग्य विमाही उतरवला. पंचायतीने पतसंस्था काढली आणि खरा काटा ठेवणारं स्वतःचं भंगार दुकानही काढलं.

२००७ मध्ये 'स्वच्छ' ही कचरा वेचकांची सहकारी संस्था नोंदवली गेली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा गोळा करायचं काम अधिकृतपणे या बायकांकडे आलं. आज तीन हजारांहून जास्त सभासद ते करतात. आपल्या ताई त्यांतल्या एक. आजी दर महिन्याला त्यांना जे पैसे देते ते बक्षीस म्हणून देत नाही, ते ठरलेलं शुल्क आहे. त्या कार्डावर नोंद करतात, बघ. ते शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री, एवढीच त्यांची कमाई. पालिका त्यांना महिन्याचा पगार देत नाही. म्हणून सुका कचरा कोरडा आणि वेगळा मिळणं हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. ओल्या डब्यात पडलेलं वर्तमानपत्र आपल्याला नुसता कचरा दिसतो, त्यांची तेवढी मजुरी गेलेली असते.

आणखी एक, तू आता मोठी होते आहेस म्हणून. वापरलेले सॅनिटरी पॅड लोक उघडेच कचऱ्यात टाकत, आणि निवडताना ते या बायकांच्या हाताला लागत. २०१३ मध्ये 'स्वच्छ'च्या सभासदांनी असे पॅड पिशव्यांत भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवले. तुमचा माल, त्याची विल्हेवाट आम्ही का लावायची, असं विचारलं. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत कंपन्यांनी पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी द्यावी, असं आलं. कचरा वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावं, हेही त्याच नियमांत होतं. आजीच्या न्हाणीघरात जुन्या कागदाचा गठ्ठा आणि लाल पेन ठेवलं आहे ते याचसाठी. नीट गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा, वेगळं द्यायचं. आळस करायचा नाही.

लढाई संपलेली नाही. पालिकेचा करार संपत आला की दर वेळी या बायकांच्या जिवाला घोर लागतो. मोठा कंत्राटदार, मोठ्या गाड्या, झाकलेला कचरा थेट नेऊन जाळायचा, हे ऐकायला नीटनेटकं वाटतं. त्यात वेचणाऱ्या हातांना जागा नसते. मला ते अन्यायाचं वाटतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आजी-आजोबा दोन महिने जिना उतरले नाहीत. ताई रोज येत होत्या, तोंडाला ओढणी बांधून, आणि ज्या इमारतींवर पालिकेने कोरोनाचे रुग्ण असल्याचे फलक लावले होते तिथूनही कचरा उचलत होत्या.

आता चहाचं. आजी त्यांना रोज आत बोलावते आणि आपण पितो त्याच कपात चहा देते. काही घरांत अजून त्यांच्यासाठी वेगळा कप खिडकीत ठेवलेला असतो, तोही तुला कधी दिसेल. ताई आत येत नाहीत याचं त्यांनी मला सांगितलेलं कारण साधं आहे. हात खराब असतात, साबणाने धुवायला खाली कुठे सोय नाही, आणि अजून दोन इमारती उरलेल्या असतात. त्या कचरा निवडतात ते पार्किंगच्या कोपऱ्यात, उघड्यावर, उकिडवं बसून. पाऊस आला की सगळं पुठ्ठ्याचं भिजतं.

येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. मागच्या भिंतीला एक नळ, साबण, निवडायला कट्टा आणि वर पत्रा, एवढा विषय आजीने लिहून दिला आहे. एका गाडीची जागा जाईल म्हणून काही जणांचा विरोध आहे असं ती म्हणाली. तू आजीबरोबर सभेला जा. त्याआधी एका सकाळी ताईंना विचारून, त्या हो म्हणाल्या तर, त्यांच्यापाशी थोडा वेळ बस आणि त्या काय काय वेगळं काढतात ते बघून घे. कट्टा किती उंच हवा, नळ कुठल्या बाजूला हवा, हे त्यांनाच विचार आणि आजीच्या कागदावर लिही. सभेत कोण काय बोललं ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई