आरोग्य प्रश्नोत्तरे : छातीच्या फोटोवरील लाल डाग

प्रश्न : आमच्या गावात क्षयरोग तपासणीचे शिबिर झाले. हातात धरण्याच्या छोट्या यंत्राने छातीचे फोटो काढले आणि संगणकाने सासऱ्यांच्या फुप्फुसाच्या वरच्या भागावर लाल डाग दाखवला. त्यांना बारा वर्षांपूर्वी क्षयरोग झाला होता. औषधे त्यांनी पूर्ण घेतली होती. सासूबाई महिनाभर खोकत आहेत, पण त्यांचा फोटो निर्दोष आला. डॉक्टरांनी न पाहता यंत्राचे म्हणणे खरे मानावे काय?
— एक वाचक, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली

उत्तर : सासऱ्यांना क्षयरोग आहे असे यंत्राने सांगितलेले नाही; त्यांची थुंकी तपासावी, एवढेच सुचवले आहे. असंख्य फोटोंवरून शिकलेली ही प्रणाली प्रत्येक फोटोला गुण देते आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा गुण अधिक आले की त्या व्यक्तीला पुढील तपासणीसाठी निवडते. बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रणही बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागातच राहतात, त्यामुळे जुना व्रण आणि नवा रोग यांत तिची गफलत होऊ शकते. म्हणून जुने कागद व फोटो असल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावेत. निदान मात्र सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे थुंकीतील क्षयजंतूंची जनुके शोधणाऱ्या तपासणीनेच व्हावे. त्यासाठी सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला बेडका द्यावा. नुसती लाळ दिल्यास रोग असूनही तो निसटू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अशा प्रणालीला मान्यता दिली, ती चाळणी म्हणून. क्ष-किरणतज्ज्ञ जवळपास नसलेल्या आपल्या भागात ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण खोकला नसलेले रुग्णही छातीच्या फोटोमुळे हाती लागतात.

मला अधिक काळजी सासूबाईंची वाटते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर फोटो निर्दोष असला तरी थुंकी तपासलीच पाहिजे. आशाताईंना सांगून त्यांना याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. ही तपासणी आणि पुढचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. दोघांपैकी कोणाचीही थुंकी दूषित निघाली, तर घरातील लहान मुलांना डॉक्टरांकडेच दाखवावे, कारण यंत्राने फोटो तपासण्याची संघटनेची शिफारस पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींपुरतीच आहे.