रिपोर्ट चांगले आहेत, मग काकू दिवसभर पडून का असतात?

"पक्षाघात होऊन सहा महिने झाले. चालतात, बोलतात, जेवतात. डॉक्टर म्हणतात, सुधारणा छान आहे. पण घरी दिवसभर पडून असतात. काही सांगायला जावं तर दुखतंय म्हणतात. मनावरच घेत नाहीत. तुम्ही जरा समजवा ना."

पक्षाघाताच्या रुग्णांची समुपदेशक म्हणून काम करताना ही तक्रार मी सतत ऐकते. कधी मुलगा बोलतो, कधी सून, कधी बायको. रुग्ण शेजारच्या खुर्चीत खाली मान घालून बसलेला असतो. याचं उत्तर मी एका घराच्या अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावं घेत नाही, काका-काकूच म्हणते.

काकू साठीच्या आतल्या, साताऱ्याकडच्या. बीपीची गोळी मधूनमधून राहून जायची. एका सकाळी चहा ठेवताना डावी बाजू लुळी पडली. "अंगावरून वारं गेलं" म्हणत शेजारच्यांनी कबुतराच्या रक्ताचं मालिश सुचवलं. मुलाने त्यात वेळ घालवला नाही, थेट दवाखाना गाठला, आणि ते फार बरं केलं. मेंदूच्या उजव्या बाजूला, थॅलॅमस नावाच्या भागात रक्तपुरवठा अडला होता. तीन महिन्यांत काकू काठी घेऊन चालायला लागल्या. घरात पेढे वाटले गेले. आणि सगळे सुटकेचा श्वास टाकत होते तेव्हाच दुखणं सुरू झालं.

काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, वेळेचे पक्के. बायकोला उभं करायचंच या जिद्दीने त्यांनी दिवस आखला होता. पहाटे साडेपाचला उठवून व्यायाम, मग अंघोळ, देवपूजा, मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन यायचं, आणि आल्यावर दाराला टांगलेल्या पुलीची दोरी ओढून डावा हात शंभर वेळा वर. सगळं नऊच्या आत. "सकाळी अंगात दम असतो, तेव्हाच करून घ्यायचं," असा त्यांचा हिशोब. दहाला काकू आडव्या व्हायच्या त्या संध्याकाळपर्यंत.

मी काकांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर काकूंचं पहिलं वाक्य होतं, "मी सोंग करत नाही हो, मॅडम."

मी म्हटलं, "काकू, मला माहीत आहे. कुठे आणि कसं दुखतं ते दाखवा." कागदावर माणसाची साधी आकृती काढून दिली आणि दोन रंगांचे पेन. दुखणं एक नव्हतं, दोन होती. लाल पेनाने त्यांनी डाव्या खांद्याभोवती गोल केला: हात उचलला की कळ यायची, त्या कुशीवर झोपता यायचं नाही. निळ्या पेनाने डावा हात बोटांपर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत भरून टाकला. तिथे आग व्हायची. कुणीतरी मिरची चोळली आहे असं वाटायचं. पंख्याचं वारं लागलं तरी वाढायची, गार पाण्याने वाढायची, साडीचा काठ घासला तरी वाढायची. दिवसभर हात-पाय हलवले नाहीत तरी ती असायचीच.

मग बांगड्यांची गोष्ट निघाली. काकूंनी डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवून ठेवल्या होत्या. नणंद बोलली, सवाष्णीने असं करू नये. काकांनी मनातल्या मनात धरलं की हिने जगण्याची उमेदच सोडली. खरं कारण एवढंच होतं की काचेचा गार स्पर्श त्या मनगटाला सहन होत नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण बांगडीने आग होते यावर कोण विश्वास ठेवणार?

विश्वास ठेवावा असं हे दुखणं आहे. डेजेरीन आणि रूसी या फ्रेंच डॉक्टरांनी १९०६ मध्येच थॅलॅमसच्या पक्षाघातानंतरच्या अशा वेदनेचं वर्णन करून ठेवलं आहे. शरीराकडून येणारे स्पर्शाचे, गार-गरमचे निरोप मेंदूत जिथे पोचतात ती वाटच दुखावलेली असते. त्यामुळे हाताला काहीही झालेलं नसताना मेंदूला आग जाणवते. ती बऱ्याचदा झटक्याच्या दिवशी नव्हे, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होते. म्हणूनच घरच्यांना वाटतं, बरं होत आलं होतं आणि आता नवीन नाटक. एक्स-रेत ती दिसत नाही. मेडिकलमधून आणलेल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनीही सहसा हटत नाही.

त्या गोळ्या काकू घेत होत्याच, न सांगता. हे मला काळजीचं वाटलं. पक्षाघातानंतर बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनसारखी गोळी चालू असते. तिच्या जोडीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, बीपीही वाढतं. ज्या घरात पक्षाघाताचा रुग्ण आहे तिथे अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

मी न्यूरॉलॉजिस्टना चिठ्ठी लिहिली आणि तो रंगवलेला कागद सोबत जोडला. तपासणीच्या पाच मिनिटांत "बरं आहे" म्हणून उठणाऱ्या काकूंपेक्षा तो कागद जास्त बोलला. डॉक्टरांनी रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत सुरू केली. आठवड्याभरात सूनबाईंचा घाबरून फोन, "नेटवर बघितलं, ही तर डिप्रेशनची गोळी आहे! आईंना वेड लागलंय का?" नाही. हीच गोळी कमी मात्रेत नसांच्या आणि मेंदूच्या वेदनेवर वापरतात. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही औषधंही अशीच वापरली जातात. सगळ्यांनी थोडी झोप येते, तोंड कोरडं पडतं, गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती एकदम बंद करायची नसतात. काकूंना ती झोप सकाळपर्यंत रेंगाळते हे कळल्यावर डॉक्टरांनी गोळीची वेळ थोडी अलीकडे आणली.

खांद्याचं काम फिजिओथेरपिस्टनी हातात घेतलं. पुली पहिल्या दिवशी निघाली. कमजोर खांद्यात हाड जागेवर धरून ठेवणारे स्नायूच ढिले असतात, त्यात दोरीने हात डोक्याच्या वर ओढला की सांध्याला इजा होते. काका रोज काकूंना त्याच हाताला धरून उठवायचे, तेही थांबलं. कमरेला रुंद पट्टा बांधून पट्ट्याला धरायचं शिकवलं. बसताना हाताखाली उशी, झोपतानाही. तेल लावा, पण रगडू नका. आणि गरम पाण्याची पिशवी त्या बाजूला ठेवायची नाही, कारण चटका बसला तरी तिथे नीट कळत नाही.

काकांचा चेहरा पडला. इतके दिवस मीच दुखवत होतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, तुमच्यामुळेच त्या चालतायत. फक्त हा भाग तुम्हाला कुणी सांगितला नव्हता."

आता थकवा. घरोघरी सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहे, म्हणून इथे जरा थांबते. पक्षाघातातून उठलेल्या साधारण निम्म्या लोकांना हा थकवा येतो. झटका छोटा होता की मोठा, यावर तो अवलंबून नसतो. हात-पाय पूर्ण बरे झालेल्यांनाही येतो. शेतात दिवसभर राबून येतो तो थकवा रात्रीच्या झोपेने जातो. हा झोपेनेही जात नाही आणि आधी सूचना न देता येतो. जखमी मेंदूला पाऊल टाकायला, घास गिळायला, समोरच्याचं बोलणं समजून घ्यायलाही पूर्वीपेक्षा जास्त कष्ट पडतात. "मनावर घ्या" हे वाक्य अशा माणसासमोर उच्चारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काकूंनी मनावर घेतलं होतं, नको तितकं घेतलं होतं.

थकवा पक्षाघाताच्या खात्यावर टाकण्याआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात. रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर. चालू असलेल्या गोळ्या, कारण बीपीच्या आणि फिटच्या काही गोळ्यांनी ग्लानी येते. झोप, विशेषतः जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं. आणि नैराश्य, जे पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एकाला गाठतं. काकूंचं हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यावर औषध सुरू झालं. मी त्यांना सरळ विचारलं, "जगणं नको वाटतं का?" त्या म्हणाल्या, "नको नाही वाटत. पण असं ओझं होऊन नको वाटतं." हा प्रश्न विचारायला घरच्यांनी घाबरू नये. उत्तर "हो" आलं तर माणसाला एकटं सोडू नये, डॉक्टरांना लगेच सांगावं. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

पुढचं काम शंभर पानी वहीत झालं. सूनबाईंनी दोन आठवडे रोज लिहिलं: किती वाजता काय केलं, त्यानंतर थकवा दहापैकी किती, दुखणं दहापैकी किती. वही उघडून आम्ही चौघं बसलो. अंघोळीनंतर थकवा रोज सात-आठ. देवळापर्यंत चालून पाच. आणि भेटायला आलेली मंडळी तासभर बसून गेली की नऊ! चालण्यापेक्षा बोलणं जड जात होतं. टीव्ही चालू, दोन माणसं एकदम बोलतायत, वरून "ओळखलंस का मला?" अशी परीक्षा. काकू हसून सगळ्यांना सामोऱ्या जायच्या आणि नंतर डोळ्यांवर पदर घेऊन पडायच्या.

दुसरी गोष्ट संक्रांतीच्या पानावर सापडली. त्या दिवशी काकूंना सकाळपासून बरं वाटत होतं. किती दिवसांनी! त्यांनी तिळगुळाचे लाडू वळायला घेतले, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचं उभं राहून केलं, रात्री ओटाही पुसला. घर आनंदात. पुढचे तीन दिवस वहीत एकच शब्द आहे: झोपून. वाईट दिवसांची सगळे काळजी घेतात, पण घात करतो तो चांगला दिवस. त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकून घ्यायचा मोह होतो, आणि त्याचं देणं दुसऱ्या दिवसापासून फेडावं लागतं.

मी हे समजावत होते, तर काकूच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या नळासारखं. तासभर पाणी येतं, त्यात काय भरायचं ते आधी ठरवायचं." मी त्यांना म्हटलं, मग ठरवा. काय सोडायचं नाही?

अंघोळ करून देवपूजा, ही पहिली. ती सकाळीच हवी होती, म्हणून व्यायाम आणि चालणं संध्याकाळी पाचला गेलं. न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची आली, पाणी कोमट, आणि ते उजव्या हाताने तपासूनच घ्यायचं. अंघोळीनंतर अर्धा तास पडायचं, मग पूजा, तीही बसून. दुपारी जेवणानंतर गजर लावून अर्ध्या तासाची झोप, त्याहून जास्त नाही, नाहीतर रात्रीची झोप जाते. भेटायला येणाऱ्यांसाठी संध्याकाळचा अर्धा तास, टीव्ही बंद. हे दारात सांगायची जबाबदारी काकांनी घेतली आणि एसटीच्या वेळापत्रकाइतक्या कडकपणे पाळली. स्वयंपाकात पोळ्या सूनबाईंच्या, भाजीची फोडणी काकूंची, ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून. आणि चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त काम नाही. हा नियम पाळणं काकूंना सर्वात जड गेलं.

नुसती विश्रांती हाही उपाय नाही, हे इथे सांगायला हवं. पडून राहिलं तर स्नायू आणखी कमजोर होतात आणि थोड्याशा कामाने दम लागतो. चालणं बंद करायचं नसतं, परवडेल तेवढ्यापासून सुरू करायचं असतं. काकू आधी गल्लीच्या टोकापर्यंतच जात. थकवा वाढला नाही तर पुढच्या आठवड्यात दोन घरं पुढे. देवळापर्यंत पोचायला त्यांना पावसाळा उजाडला, पण परत आल्यावर त्या झोपून राहिल्या नाहीत.

आगीसाठी घरातच काही गोष्टी जमल्या. पंख्याचं वारं अंगावर थेट येणार नाही अशी खाट फिरवली. डाव्या हाताला मऊ सुती कापडाची लांब बाही. आग वाढली की मोजत सावकाश श्वास, आणि कानाला अभंग. लक्ष दुसरीकडे गेलं की वेदनेची तीव्रता खरोखर कमी होते. बांगड्या फक्त उजव्या हातात घालायच्या, असं काकांनीच नणंदेला फोन करून सांगितलं.

आग पूर्ण गेली नाही. वहीत ती आठावरून चार-पाचावर आली आहे, थंडीत वर जाते. खांदा बराच मोकळा झाला. काका अजून विचारतात, "हे किती दिवस चालायचं?" मी त्यांना खोटी तारीख देत नाही. थकवा कित्येकांचा काही महिन्यांत ओसरतो, काहींचा वर्षानुवर्षं थोडाफार राहतो. काकू रात्री फार घोरतात असं सूनबाईंनी वहीत लिहिलं आहे, त्यामुळे आता झोपेची तपासणी करायची आहे. एवढं मात्र काकांना पाठ करायला लावलं आहे: नेहमीचा थकवा वेगळा, पण अचानक तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर त्या दिवशी वही, वेळापत्रक काही बघायचं नाही, लगेच १०८ ला फोन करायचा. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तरी मालिश न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.