राजीखुशीने सही करण्याआधी

प्रिय पोरी,

काल तू ढोलकीच्या खोळीतून काकांनी सहीसाठी दिलेला तो पाचशेचा स्टॅम्प पेपर काढलास, तेव्हा मी फारसं बोललो नाही. रात्रभर मात्र तो डोळ्यांपुढून हलला नाही. कोपऱ्याला ढोलकीच्या शाईचा काळा डाग, आणि मधोमध ती ओळ: ‘मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देते की, सदर पार्टीचे नाव, गाणी व त्यापासून मिळणारे सर्व उत्पन्न यांवर माझा कोणताही हक्क राहिलेला नाही.’ खाली तुझ्या सहीसाठी जागा. आणि तू विचारतेस, ‘मास्तर, काकांना नाही कसं म्हणू?’

नुसतं नाही म्हणून उठू नकोस. सहीही करू नकोस. दुसरा कागद कर, आणि गोडी आहे तोवर कर.

त्या एका ओळीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, ते तुला दिसायला हवं होतं. तुमच्या गाण्या-वाजवण्याच्या पार्टीचं नाव हा ट्रेडमार्कचा विषय. काकांनी नोंदणीसाठी अर्ज केलाय म्हणतेस, तर तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून 4 महिन्यांत हरकत घेता येते. ते जर्नल बघत राहा. गाणी आजोबांची. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या. त्यांनी ती कुणाला लिहून दिली नसतील, तर ते गेल्यानंतर 60 वर्षं हक्क वारसांचा, आणि वडिलांच्या मागे तू वारस आहेस. तिसरं तुझं वादन. ज्या रेकॉर्डिंगमध्ये तुझी ढोलकी आहे, त्यातला कलाकाराचा हक्क तुला आजोबांकडून आलेलाच नाही. तो तू हळदीच्या सुपाऱ्यांमध्ये बोटं सोलून कमावलास. तो काकांना का द्यायचा?

2012 साली कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार-संगीतकाराने आपला रॉयल्टीचा वाटा कंपनीला देऊन टाकायचा नाही, असं त्यात आलं. आमच्या वेळी हे असतं तर! पण नीट वाच: वारसांच्या नावे करायला मात्र त्यात मोकळीक आहे. कंपनीपासून कायदा तुला वाचवेल, घरच्यांपासून कागदच वाचवेल.

रेगे गायक बॉब मार्लेच्या मागे बास गिटार वाजवणारा अ‍ॅस्टन बॅरेट तुला माहीत आहे. ‘फॅमिली मॅन’ म्हणायचे त्याला. ड्रमवर सख्खा भाऊ कार्लटन. मार्लेच्या ‘द वेलर्स’ या बँडचा ताल म्हणजे हे दोघे. मार्ले गेल्यानंतर, 1994 मध्ये त्याने एका समझोत्यावर सही केली. पुढे स्वतःच्या आणि मारल्या गेलेल्या भावाच्या वाट्याच्या रॉयल्टीसाठी तो लंडनच्या कोर्टात गेला आणि 2006 साली हरला. ती जुनी सहीच आडवी आली. वाजवलं किती, हे कोर्ट मोजत नाही गं.

आता माझं. थोरला गायचा, मी अ‍ॅकॉर्डियनवर. ऑर्केस्ट्राला आईचं नाव दिलं होतं. ‘भावाभावांत कागद कसला?’ हे वाक्य माझंच. कॅसेट कंपनीत जिथे बोट ठेवलं तिथे सही केली, तीही मीच. मग एका सुपारीच्या पैशावरून वाजलं, आणि पुढच्या जत्रेत बॅनरवर आईच्या नावाखाली फक्त त्याचा फोटो. मी दावा लावला. 11 वर्षं तारखा. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचो. तो घरून डबा आणायचा, वहिनीच्या हातच्या लसणाच्या चटणीचा वास माझ्यापर्यंत यायचा. निकालाआधी तो गेला.

लोक म्हणतात, पैशासाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं. हो, खेचलं. आईचं नाव होतं ते, आणि निम्म्या चाली माझ्या बोटांतून निघालेल्या. ते सोडून द्यायला हवं होतं असं मी आजही म्हणणार नाही. चुकलं ते आधी. ज्या दिवशी आम्ही एका ताटात जेवत होतो, त्या दिवशी वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या नाहीत. गोडी होती तेव्हा कागद केला नाही, आणि कागदाची गरज पडली तेव्हा गोडी उरली नव्हती.

तुझ्याकडे ती अजून आहे. काका दिवाळीला फराळ पाठवतात, तुझ्याशिवाय सुपारी घेत नाहीत. तेव्हा ‘वाईट दिसेल’ हे पुन्हा माझ्यापुढे बोलू नकोस. नाव कोण वापरणार, सुपारीचा वाटा कसा, आजोबांच्या गाण्यांचे पैसे कुणाच्या खात्यात किती, आणि पार्टी फुटली तर नावाचं काय, हे सगळं मराठीत, तुम्हा दोघांना कळेल असं लिही. मग वकिलाला दाखव. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, तिच्यात आजोबांचे वारस म्हणून तुझी नोंद झाली आहे का, तेही विचार.

रविवारी दोघंही माझ्याकडे या. मी आजोबांबरोबर वाजवलंय, काका माझं ऐकतील. फोन आजच कर, साडेनऊच्या आत. नंतर ते झोपतात.

तुझे,
मास्तर