जर्मनीची फाइल कुणाच्या हातात?

द्राक्षांचा हंगाम आणि जर्मनीची पत्रं माझ्याकडे एकदमच येतात. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे फेब्रुवारी सरला की घराघरांत धावपळ सुरू. मी आयुष्यभर पुण्यात जर्मन शिकवलं, आता निवृत्त आहे. शिकवणी सुटली, तरी 'बाई, एक विचारायचं होतं' काही सुटलं नाही. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत.

मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका सल्लागारांनी 'जर्मनीत शिक्षण फुकट' असं सांगून दीड लाख रुपये मागितले आहेत. अर्ज, व्हिसा, खोली सगळं तेच बघणार. त्यांनी मुलाच्या नावाने नवा ईमेलही उघडलाय, पासवर्ड त्यांच्याकडे असतो. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, कर्ज काढावं लागेल. पैसे द्यावेत का?
— एक पालक, तासगाव

पैशांचं नंतर बोलू. आधी तो पासवर्ड मागून घ्या. आजच.

विद्यापीठ जे काही कळवतं ते त्याच ईमेलवर. अमुक कागद कमी आहे, प्रवेश मिळाला, या तारखेच्या आत होकार कळवा, सगळं. माझ्या एका विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. ते पत्र तीन आठवडे सल्लागाराच्या ताब्यातल्या ईमेलमध्ये पडून राहिलं आणि होकाराची तारीख उलटली. पोराला सांगण्यात आलं, 'सरकारीत जमलं नाही, पण एका खासगी कॉलेजात सीट आहे.' हे त्याला कळलं कधी, तर पुढच्या वर्षी स्वतः अर्ज केला तेव्हा.

आता 'फुकट'चा अर्थ. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. दर सत्राला एक वर्गणी मात्र भरावी लागते. ती गावागणिक वेगळी, साधारण शंभर ते चारशे युरो. अपवादही आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहं, हायडेलबर्गकडे, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली. मास्टर्सला सत्रामागे चार ते सहा हजार युरो. खासगी कॉलेजांची तर गोष्टच निराळी, तिथे वर्षाला हजारो युरो मोजावे लागतात. आणि कमिशन देतात ती बहुधा हीच कॉलेजं. सल्लागारांच्या यादीत सरकारी किती आणि खासगी किती, एवढं मोजा. दीड लाखाचं उत्तर तिथेच मिळेल.

अर्जाचा खरा खर्च असा. भारतातल्या गुणपत्रिकांची तपासणी करून एपीएस नावाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नोव्हेंबर २०२२ पासून ते व्हिसासाठी सक्तीचं आहे. त्याचे १८,००० रुपये. पुष्कळ विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या एका खिडकीतून जातात. तिथे एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. व्हिसाचे ७५ युरो. म्हणजे पाच-सहा अर्ज धरले तरी पाऊण लाखाच्या आत काम होतं, आणि हे पैसे सल्लागार घेतले तरी द्यावेच लागतात, त्यांच्या दीड लाखावर. तुमचा मुलगा इंजिनियर होतोय. त्याला अर्ज भरता येत नसेल तर तो पंप कसे बनवणार?

मोठी रक्कम आहे ती ब्लॉक्ड अकाउंटची. एका वर्षाच्या पोटापाण्याचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात. घाबरू नका, ही फी नव्हे. पैसे मुलाच्याच नावावर राहतात आणि तिथे पोचल्यावर त्याला महिन्याला ९९२ युरो मिळतात. खोली, जेवण, विमा त्यातून भागवायचं. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याच्या सरकारी आरोग्य विम्याचेच महिन्याला दीडशेच्या आसपास जातात. म्युनिकमध्ये ९९२ पुरत नाहीत. केम्निट्स किंवा माग्डेबुर्गसारख्या पूर्वेकडच्या गावात नीट भागतं. शहर निवडताना नावापेक्षा भाडं बघा. आणि 'पोरगा तिथे कमवून कर्ज फेडेल' हे गणित पहिल्या वर्षाला लावू नका. कायद्याने विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण परीक्षेच्या महिन्यांत कुणी पूर्ण दिवस काम करत नाही.

माझा सीजीपीए ७.४ आहे. कोर्सच्या पानावर '२.५ किंवा त्याहून चांगला ग्रेड' असं लिहिलंय. माझे गुण तर जास्तच आहेत ना? आणि कोर्स इंग्रजीत असेल तर जर्मन शिकायलाच हवी का?
— श्रद्धा, नाशिक

अगं, तिथे आकडा जितका लहान तितके गुण चांगले. १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. तुझा ७.४ त्यांच्या मापात बसवावा लागतो. त्यासाठी जे सूत्र वापरतात त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. सर्वोच्च गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला सर्वोच्च आणि किमान पास यांच्यातल्या फरकाने भाग, तीनने गुण, एक मिळव.

आता गंमत बघ. तुझ्या विद्यापीठात किमान पास ४ असेल तर उत्तर येतं २.३. तू आत. किमान पास ५ असेल तर त्याच ७.४ चे २.५६ होतात. तू अगदी काठावर, बाहेरही जाऊ शकतेस. माझ्या दोन विद्यार्थिनी जवळजवळ सारख्याच गुणांच्या होत्या, एक बसली, एक उठली. म्हणून गुणपत्रिकेची मागची बाजू वाच. किमान पास किती ते तिथे छापलेलं असतं. नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून सही-शिक्क्याचं पत्र काढ. त्याला वेळ लागतो, आपल्याकडे तर लागतोच, म्हणून आत्ताच लाग. युनि-असिस्टकडेही कागद तपासायला काही आठवडे जातात. पुष्कळ ठिकाणी शेवटची तारीख १५ जुलै असते, पण काही कोर्सेस परदेशी विद्यार्थ्यांसाठी मार्चमध्येच, काही मेमध्ये बंद होतात. प्रत्येक कोर्सचं पान स्वतः उघडून बघ, मैत्रिणीने पाठवलेल्या एक्सेलवर जाऊ नकोस.

जर्मन शिकच. मी शिकवायचे म्हणून सांगत नाही. (थोडं म्हणूनही सांगते.) वर्गात इंग्रजी चालेल, पण घरमालकाचं पत्र, विमा कंपनीचं पत्र, मनपाचं पत्र जर्मनमध्येच येतं. आणि पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, ते भाषा शिकण्यात घालवायचे नसतील तर निदान बी-१, म्हणजे भाषेची मधली पातळी, इथूनच करून जा.

ताई, मुलगा सप्टेंबरमध्ये निघतोय. साजूक तूप, पेढे, थोडे हापूसही द्यायचे आहेत. बॅगेत काय भरू, काय नको? कुकर देऊ का? तो एकटा काय खाईल या विचारानेच झोप लागत नाही.
— एक आई, डोंबिवली

तूप नको. मला ठाऊक आहे हे वाचून काय होतं, माझ्या आईचा चेहरा अजून आठवतो. पण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. तूप, खवा, पेढे सगळे त्यात आले. विमानतळावर बॅग उघडायला लावली तर तुम्ही कढवलेलं तूप तुमच्या मुलाला स्वतःच्या हाताने टाकावं लागेल. त्यापेक्षा त्याला तूप कढवायला शिकवा. लोणी तिथे उत्तम मिळतं. दोन रविवार त्याला गॅससमोर उभं करा, बेरी करपली तरी चालेल.

आंबेही नको, सप्टेंबरात तुम्ही ते आणणार कुठून ते मला कळलं नाही! ताजी फळं, ताजा कढीपत्ता यांना रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो. कढीपत्ता वाळवून द्या. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, आमसुलं, शेंगदाण्याची चटणी हे बिनधास्त द्या. डाळ-तांदूळ नको, तिथल्या आशियाई दुकानांत मिळतात, उगाच वजन होतं. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ पाकिटात. पदव्या आणि गुणपत्रिकांच्या मूळ प्रती हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कदापि नाही.

कुकर द्या. तीन लिटरचा, सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा. शिट्ट्यांना शेजारी दचकतात, मग सवय होते. खरी भीती फोडणीची. तिथे घरांत धुराचा इशारा देणारी यंत्रं सक्तीची आहेत. काही वसतिगृहांत ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असतात. माझ्या एका विद्यार्थ्याने लाल मिरचीची फोडणी दिली आणि पाच मिनिटांत खाली बंब उभा. मजलाभर मुलं पायजम्यात अंगणात. बिल त्याच्याच नावावर आलं. तेव्हा मोहरीच्या आधी खिडकी, हे त्याला पाठ करून घ्या.

झोपेचं मात्र माझ्याकडे औषध नाही. रोज नको, ठरवून दोन वेळा फोन करा. थंडीत तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन.

बारावी सायन्सनंतर थेट जर्मनीत बी.एस्सी. करता येईल का? जेईई मेन दिली आहे.
— ओंकार, लातूर

नुसत्या बारावीवर सहसा थेट नाही. जेईई ॲडव्हान्स्ड पास असशील तर तांत्रिक शाखांचं दार उघडतं, मेन त्यासाठी पुरत नाही. नाहीतर इथे त्याच विषयाच्या पदवीचं पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पूर्ण कर. तिसरी वाट श्टुडियेनकोलेगची, म्हणजे तिथलं एका वर्षाचं पूर्वतयारीचं कॉलेज. त्याची प्रवेशपरीक्षा जर्मनमध्ये असते. तुला सध्या जर्मन किती येतं ते लिहिलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर लातुरात पहिलं वर्ष करत करत भाषा उरकली असती.

ॲडमिशन आणि व्हिसा दोन्ही झालं. वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत आहे. तिकीट २ ऑक्टोबरला पोचेल असं काढतोय, तेव्हा स्वस्त मिळतंय. गेल्या गेल्या काय करू?
— अनिकेत, कोल्हापूर

हे तिकीट काढू नकोस. ३ ऑक्टोबर जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी. कचेऱ्या बंद, दुकानं बंद.

खोली मिळाली की दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक फॉर्म लागतो. मित्राकडे सोफ्यावर राहिलास तर हा फॉर्म मिळेलच असं नाही. पत्त्याची नोंद नसेल तर पुष्कळ बँका खातं उघडत नाहीत, आणि खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले ९९२ युरो येणार कुठे? त्यात खोलीची अनामत, कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते. म्हणून पहिल्या महिन्यासाठी दीड-दोन हजार युरो फोरेक्स कार्डावर वेगळे ठेव. खोली न बघता कुणी व्हॉट्सॲपवर अनामत मागितली, 'किल्ली कुरियरने पाठवतो' म्हणाला, तर नंबर ब्लॉक कर. वसतिगृहवाल्यांना दर पंधरा दिवसांनी नम्र ईमेल टाकत राहा. सप्टेंबरच्या शेवटी गळती होते, तेव्हा ज्याचं नाव त्यांच्या डोळ्यांसमोर असतं त्याला खोली मिळून जाते.

मी १९८७ साली शनिवारी संध्याकाळी फ्रायबुर्गला उतरले होते. त्या काळी शनिवारी दोनला दुकानं बंद होत ती थेट सोमवारी सकाळी उघडत. आईने दिलेला पोह्यांचा चिवडा आणि नळाचं पाणी, यावर सोमवार गाठला. आता शनिवारी दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, पण रविवार अजून तसाच आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी पोचणारं तिकीट बघ. चार-पाच हजार जास्त गेले तरी जाऊ देत. चिवडा तरीही ने.