सत्तरीनंतर वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय, आता काय सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की आई ७२ वर्षांच्या आहेत, ३ महिन्यांपूर्वी नाशिकमध्येच त्यांचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं, उंची १५२ सेंटिमीटर, आणि वजन ९८ वरून ८३ किलोवर आलंय. मधुमेह आणि बीपी जुनं आहे. चार घासांत पोट भरतं, दिवसभर पडून असतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरातले म्हणतात वयच झालंय. वजन उतरतंय म्हणजे सगळं ठीक ना, आणि एकादशी करू द्यायची का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी अशा रुग्णांचा आहार बघते, म्हणून आधी स्पष्ट सांगते. वजन ठीक उतरतंय, पण आई ठीक नाहीत. चार घासांत पोट भरणं अपेक्षितच आहे. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळीच्या आकाराची अरुंद नळी तेवढी उरते. पण अंधारी आणि पडून राहणं वयाच्या खात्यावर टाकू नका. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा सापडतं आणि दुरुस्तही होतं.

अंधारीपासून सुरुवात करा, कारण अंधारीतूनच माणूस पडतो आणि या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती. बीपीच्या गोळ्या ९८ किलोच्या, पोटभर जेवणाऱ्या बाईला ठरवून दिलेल्या होत्या. आता वजन कमी, जेवण कमी, मीठ कमी, पाणीही कमी. गोळी मात्र तीच. घरच्या मशीनवर असं मोजा: आईंना ५ मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करा, १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. उभं करताना हाताशी कोणीतरी थांबा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उत्तर मिळालं. तीन दिवस सकाळी मोजून ते आकडे कागदावर लिहा आणि फिजिशियनला दाखवा. गोळीच्या नावाच्या शेवटी ‘एच’ असेल तर तेही दाखवा. तो बहुधा लघवी वाढवणाऱ्या औषधाचा घटक असतो आणि शरीरात पाणी कमी असताना त्याचा त्रास होतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या तारखेपर्यंत थांबूही नका, याच आठवड्यात जा.

त्याच भेटीत साखरेच्या गोळ्यांचाही विषय काढा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर एवढ्याशा जेवणावर साखर ७० च्या खाली जाऊ शकते, आणि तेव्हाचा थकवा, घाम, गोंधळ हुबेहूब ‘म्हातारपण’ वाटतो. तसं झालं तर ३ चहाचे चमचे ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात घोळून घोट घोट द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते आवर्जून सांगा. खाणं फार कमी असताना या गोळ्यांनी साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या आणि धाप ही त्याची खूण.

पाण्याचं साधं गणित ठेवा. दिवसाला दीड लिटर, म्हणजे ५०० मिलीच्या तीन बाटल्या. पहिली ११ वाजेपर्यंत, दुसरी ४ पर्यंत, तिसरी ७ पर्यंत संपवायची. रात्री उशिरा पाणी नको, कारण मग रात्री दोनदा उठावं लागतं आणि माणूस पडतो तो बाथरूमच्या वाटेवरच. जेवणाआधी आणि जेवणानंतर अर्धा-अर्धा तास पाणी नाही. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात एक बाटली वाढवा. तीत एखाद्या वेळी पातळ ताक चालेल. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर मर्यादा असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

आता मुख्य गोष्ट. उतरलेल्या १५ किलोंत नुसती चरबी नाही, स्नायूही गेलेत. पस्तिशीतली बाई ते भरून काढते. सत्तरीत स्नायू मुळातच कमी उरलेले असतात आणि एकदा गेले की परत मिळवणं फार अवघड. म्हणून आईंसाठी वजनकाट्यापेक्षा खुर्ची हे जास्त खरं माप आहे. हात नसलेली जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, आईंनी हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. वेळ मोजा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, किंवा हाताचा आधार घ्यावाच लागला, तर पायांतली ताकद कमी आहे. दर महिन्याला वजनाशेजारी हा आकडा लिहा. वजन उतरतंय आणि सेकंद वाढतायत, तर डॉक्टरांना दाखवायची गोष्ट ती आहे.

ताकद टिकवायला दोन गोष्टी लागतात, प्रथिनं आणि स्नायूंना भार देणारा व्यायाम. एकावाचून दुसऱ्याचा फारसा उपयोग नाही.

आईंच्या उंचीला साजेसं वजन ५५ किलोच्या आसपास येतं. किलोमागे १.२ ग्रॅम धरले तर दिवसाला ६५ ग्रॅम प्रथिनं. (क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेला असेल तर हे प्रमाण मूत्रपिंडाचे डॉक्टर ठरवतील.) शाकाहारी घरात ६५ ग्रॅम सहज होत नाहीत, आणि वरण-भात, लापशी, साबुदाण्याची खीर अशा ‘पचायला हलक्या’ गोष्टींवर तर कधीच होत नाहीत. भाताच्या तीन घासांनी पोट भरतं आणि प्रथिनांना जागाच उरत नाही. माझ्या मते घरात होणारी सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मायेपोटी होते. एक दिवस असा बसवता येईल: सकाळी ७ ला १५० मिली दुधात व्हे पावडरचा (दुधातल्या प्रथिनांची पूड) अर्धा स्कूप, साधारण १७ ग्रॅम. साडेनऊला मुगाच्या डाळीचं एक छोटं धिरडं आणि ३० ग्रॅम पनीर, १२ ग्रॅम. साडेबाराला अर्धी वाटी मऊ शिजलेली मटकीची उसळ, तीन-चार चमचे चक्का आणि पाव भाकरी, १० ग्रॅम. ४ वाजता ताकात उरलेला अर्धा स्कूप, १४ ग्रॅम. संध्याकाळी ७ ला ५० ग्रॅम पनीरची भुर्जी आणि दोन चमचे दुधी किंवा लाल भोपळा, ९ ग्रॅम. झोपण्याआधी दीड-दोन तास १०० मिली दूध, ३ ग्रॅम. अंडं चालत असेल तर एका अंड्याचे ६ ग्रॅम, सोपं होतं. ताटात काहीही असो, पहिला घास प्रथिनांचा, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरी.

स्वयंपाकात तीन गोष्टी अडतात. पाव आणि मऊ पोळी ओली होऊन लगदा बनते आणि त्या अरुंद नळीत बसून राहते. भाकरी चुरून, आमटीत मऊ करून जास्त सुखाने जाते. मटण, कोरडं चिकन आणि पुन्हा गरम केलेलं पनीर तंतुमय किंवा रबरासारखं होऊन अडकतं. मिसळ खायचीच असेल तर वरची तर्री काढून नुसती उसळ, पावाशिवाय, फरसाण दोन चमचे. अन्न अडकलं की छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडाला पाणी सुटतं, मग फेसाळ उलटी होते. अशा वेळी वरून पाणी पाजू नका, ते खाली जात नाही. उभं राहू द्या, थोडं चालू द्या.

आणि कवळी बघा! चेहरा बारीक होतो तशी कवळी सैल होते, चावणं नीट होत नाही, म्हणून बाई मऊ-मऊ भातच मागते आणि घरचे समजतात की भूक मेली. दंतवैद्याकडे नेऊन ती बसवून घ्या. चपलाही तपासा, पाय बारीक झाल्यावर जुन्या चपला निसटतात. गाऊन पायांत येत असेल तर आजच दुमडून शिवा.

व्यायामाला जिम नको. खुर्चीवरून उठणं-बसणं ८ ते १० वेळा, दिवसातून दोनदा. आज हात टेकवून, महिन्याभरात हात न टेकता. ओट्याला धरून टाचा वर उचलणं १० वेळा. बसून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली दोन्ही हातांत घेऊन खांद्यापर्यंत आणणं १० वेळा, मग हळूहळू एक लिटरची. आठवड्यातून किमान ३ दिवस. चालणं वेगळं: कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लब मैदान सपाट आहे, तिथे सकाळी १० मिनिटांपासून सुरू करा. पांडवलेणीच्या पायऱ्या एवढ्यात नकोत; उतरताना गुडघे आणि तोल दोन्हींची परीक्षा असते. उपाशीपोटी पाठवू नका. अंधारीचा बंदोबस्त होईपर्यंत सोबत कोणीतरी असू द्या.

गोळ्यांत वेळेचा घोळ सर्वांत जास्त होतो. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कार्बोनेट नको. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं आणि पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ते आधीच कमी झालेलं असतं. आहारासकट दिवसाला १२०० ते १५०० मिलीग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं, आणि एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नको, तेवढं शोषलं जात नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान २ तास. लोहाच्या आगेमागे चहा नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यानंतर ४ तास कॅल्शियम आणि लोह दोन्ही नको, आणि वजन उतरल्यावर तिचा डोसही तपासून घ्या. बी-१२ मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीनेही कमी होतं, म्हणून आईंच्या बाबतीत दुहेरी कमतरता शक्य आहे. पायांना मुंग्या, जमीन कापसासारखी लागणं ही त्याची लक्षणं. रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, यांपैकी एक लागतं, आणि तेही आयुष्यभर. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी कोर्स संपल्यावरही दर आठवड्याला चालू ठेवणारी घरं बरीच आहेत. तसं करू नका, रक्त तपासूनच ठरवा.

तिसऱ्या महिन्याच्या तपासण्या राहिल्या असतील तर आता करा: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, एचबीए१सी, टीएसएच. मग सहाव्या महिन्यात, वर्षाने, आणि पुढे दरवर्षी. हाडांचा डेक्सा स्कॅन झालेला नसेल तर तोही मागून घ्या. केस ३ ते ६ महिन्यांत गळतात, तो काळ जातो. प्रथिनं आणि लोह पुरेसं असेल तर पुन्हा येतात. थंडी मात्र पूर्वीपेक्षा जास्त वाजेल, डिसेंबर-जानेवारीत निफाडचा वारा सुटला की स्वेटर-मोजे आधीच काढून ठेवा.

गुडघेदुखीच्या गोळ्यांविषयी हात जोडून सांगते. मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जठराला घातक. जठराच्या बायपास ऑपरेशननंतर त्या वर्ज्यच, स्लीव्हनंतरही टाळायच्या, आणि सत्तरीत मूत्रपिंडासाठीही वाईट. ‘पॅरासिटामॉल आहे’ एवढं ऐकून समाधान मानू नका. पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर असेक्लोफिनॅक असतं. स्ट्रिपची मागची बाजू वाचा, एकटं पॅरासिटामॉल असेल तेच घ्या. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते स्वतःहून थांबवू नका, सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांना माहीत असू द्या.

एक लक्षण वयावर ढकललं तर कायमचं नुकसान होतं. काही दिवस उलट्या किंवा जवळजवळ उपास, आणि मग बोलण्यात गोंधळ, एकाचे दोन दिसणं, झोकांड्या जाणं. हे विसराळूपण नाही, थायमिनची म्हणजे बी-१ ची तीव्र कमतरता असू शकते. त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या आणि तिथे सांगा की जठराचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्या. ऑपरेशनचं नाव, तारीख आणि चालू औषधं लिहिलेलं कार्ड आईंच्या पर्समध्ये कायम ठेवा. तसंच दिवसभर पाणीही न टिकणं, काळी शौच, एका पोटरीला सूज, नाडी १२० च्या वर, ताप किंवा श्वास लागणं, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ (झपाट्याने वजन उतरताना पित्ताचे खडे होतात), यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर नाडी फारशी वाढणार नाही आणि वृद्धांना कधी कधी तापही येत नाही, म्हणून ‘नुसतंच बरं वाटत नाही’ हेही गंभीरपणे घ्या.

आता एकादशी. मन मोडू नका, पण उपासाचं ताट बदला. साबुदाणा, वरीचे तांदूळ, बटाटा, रताळं हे सगळं पिष्ट. त्यात पोट भरेल आणि प्रथिनं फारच कमी मिळतील. दूध, चक्का, पनीर, राजगिऱ्याची पातळ खीर बिनसाखरेची, बारीक कुटलेले शेंगदाणे घातलेलं ताक, हे उपासाला चालतं आणि ६५ ग्रॅमच्या जवळ नेतं. व्हे पावडर दुधाचीच असते. चव किंवा पिष्ट न मिसळलेली घेतलीत तर तीही चालेल. द्राक्षं ८-१० मणी, चावून. रस नको, उसाचा तर नकोच. चातुर्मासातलं एकभुक्त मात्र आता होणार नाही, कारण एका जेवणात त्यांच्या पोटात दिवसाची गरज मावतच नाही. आणि निर्जळीला अगदी स्पष्ट नाही म्हणा. एकादशीच्या आदल्या दिवशी फिजिशियनला विचारून साखरेची गोळी ठरवून घ्या, पाण्याच्या तीन बाटल्या नेहमीच्या वेळी द्या, आणि दुपारी एकदा साखर मोजा.