पणजोबा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले होते. तिथल्या ग्रंथालयात त्यांचा माग लागेल का?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा १९२०च्या सुमाराला वाईला प्राज्ञपाठशाळेत शिकायला होते असं घरात सांगतात, माळ्यावर लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्यांची एक पेटी आहे, आणि तुम्हाला संस्कृत येत नाही. पाठशाळेच्या ग्रंथालयात त्यांचं काही सापडेल का आणि पोथ्यांचं काय करावं, हे तुमचे दोन प्रश्न. मी वाईचीच. हायस्कुलात संस्कृत शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोथ्यांचे रुमाल, म्हणजे ती बांधलेली फडकी, अजून सोडले नसतील तर सध्या सोडू नका. का ते पुढे सांगते.

वाईला दक्षिण काशी म्हणायची पद्धत आहे. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, घरोघरी भिक्षुकी आणि वेदपठण, त्यामुळे इथे पाठशाळा असणं नवलाचं नव्हतं. नारायणशास्त्री मराठ्यांनी प्राज्ञपाठशाळा म्हणून जे उभं केलं ते मात्र वेगळं होतं. पौरोहित्यापुरतं पाठांतर त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. ग्रंथ समजून घ्यायचा, त्यावर प्रश्न विचारायचा, आणि आजच्या माणसाला त्याचं काय करायचं हेही विचारायचं, अशी तिथली शिकवण. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून लहान वयात इथे आले ते याच शिकवणीसाठी. १९१७ साली विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला आले आणि नारायणशास्त्र्यांपाशी उपनिषदं आणि ब्रह्मसूत्र शिकले. तुमच्या पणजोबांच्या वर्षांच्या अगदी जवळचा हा काळ.

विनोबांची त्याच मुक्कामातली एक गोष्ट मला फार आवडते, कारण ती ग्रंथालयाचीच आहे. त्यांनी गावात विद्यार्थी मंडळ काढलं आणि वाचनालय सुरू केलं. पैसे कुठून आणायचे? तर हायस्कुलातल्या मुलांनी जात्यावर लोकांचं दळण दळायचं आणि मिळालेले पैसे वाचनालयाला द्यायचे. ब्राह्मणांची शिकणारी मुलं दळायला बसतात म्हणून गावाने त्यांना वेड्यात काढलं. दळणाचा वर्ग दोनेक महिने चालला, आणि वाचनालयात चारशे पुस्तकं झाल्याचं विनोबांनी गांधीजींना पत्रात कळवलं. वाईत पुस्तकं अशी जमली आहेत.

पाठशाळेच्या संग्रहाचं मर्म कळायला तिथे चाललेलं धर्मकोशाचं काम काय होतं ते समजून घ्यावं लागतं. धर्मशास्त्रातला एकेक विषय घ्यायचा, समजा वारसाहक्क किंवा स्त्रीधन. त्या विषयावर वेदांत काय आहे, सूत्रांत काय, मनू आणि याज्ञवल्क्य काय म्हणतात, नंतरचे टीकाकार काय म्हणतात, ही सगळी वचनं काळाच्या क्रमाने एकाखाली एक मांडायची आणि तळाला पाठभेद, म्हणजे निरनिराळ्या प्रतींतले शब्दांचे फरक, द्यायचे. एका श्लोकासाठी दहा पुस्तकं उघडी ठेवून बसावं लागतं. छापील आवृत्त्या हव्यात, हस्तलिखितं हवीत, वेगवेगळ्या प्रांतांतली हवीत. असा ग्रंथसंग्रह हौसेने होत नाही, कामाच्या गरजेने होतो. धर्मकोशाच्या व्यवहारकांडाचा, म्हणजे न्यायनिवाड्याच्या विभागाचा, पहिला भाग १९३७ साली निघाला. वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र ते मीमांसा, आणि नारायणशास्त्र्यांचा मीमांसाकोश तर सात खंडांचा आहे.

आणि या मांडणीतून जे दिसतं ते मला आजही हलवून सोडतं. वचनं कालक्रमाने लावली की नियम बदलत गेलेले डोळ्यांना दिसतात. धर्म कधी बदलत नाही असं म्हणणाऱ्याला वाद घालून पटवायची गरज उरत नाही, पान पुढे करायचं. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजींना शास्त्राचा आधार हवा होता तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्याकडे लक्ष्मणशास्त्री गेले, ते याच अभ्यासाच्या बळावर. पुढे मराठी विश्वकोशाचं कार्यालयही वाईला आलं आणि लक्ष्मणशास्त्री त्याचे प्रमुख संपादक झाले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली, आणि आता तो घरबसल्या फुकट वाचता येतो. प्राज्ञपाठशाळा मंडळाने पुढे चालवलेलं नवभारत मासिक १९४७चं. त्याचे जुने अंक मराठीत आहेत, तेव्हा संस्कृत येत नाही म्हणून तुम्ही मागे राहू नका.

आता शोधायचं कसं. आधी पत्र लिहा किंवा फोन करा. कोणत्या वर्षांसाठी, काय काम, हे दोन ओळींत सांगा. अशा संस्थांत माणसं मोजकी असतात. तुम्ही अचानक दारात उभे राहिलात तर ज्याला ठाऊक आहे तो नेमका त्या दिवशी नसतो. "पणजोबांचं नाव आहे का?" एवढंच विचारलंत तर उत्तर बहुतेक "नाही" असंच येईल. त्या वर्षांचे अहवाल, वर्गणीदारांच्या याद्या, हजेऱ्या, पत्रव्यवहार यांतलं काय जपलेलं आहे, असं विचारा. आडनावावर विसंबू नका. त्या काळचा विद्यार्थी स्वतःचं नाव, वडलांचं नाव आणि गाव एवढ्यावरही नोंदलेला असतो, म्हणून मूळ गावाचं नाव घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून पक्कं करून जा. दुसरं, नारायणशास्त्र्यांनी १९३१ साली संन्यास घेतला आणि ते केवलानंद सरस्वती झाले. आधीच्या कागदांत मराठे, नंतरच्यांत स्वामी केवलानंद, माणूस एकच. ग्रंथांचंही तसंच. यादीत मिताक्षरा सापडली नाही तर याज्ञवल्क्यस्मृतीखाली बघा, कारण ती त्याच स्मृतीवरची टीका आहे.

पाठशाळेत शिकणारी गरीब मुलं तेव्हा वार लावून जेवत, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. तुमच्या घरच्या आठवणीत असं एखादं वाईचं घर असेल तर तेही लिहून ठेवा. कधी माग संस्थेच्या दप्तरात लागत नाही, यजमानाच्या खर्चाच्या वहीत लागतो.

कागद जागा बदलतात हेही लक्षात असू द्या. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा इथून हाकेच्या अंतरावर, पण तिथलं दप्तर इतिहाससंशोधक पारसनिसांकडे साताऱ्याला गेलं आणि त्यांचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. वाईत नाही मिळालं तर पुण्यात भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन्ही ठिकाणी विचारून बघा.

आता तुमची पेटी. रुमाल सोडू नका म्हटलं ते अशासाठी की पोथीची पानं सुटी असतात. मध्ये खुणेला घातलेला चिटोरा, कुणाचं टिपण, दळणाचा हिशोब, हे सगळं ज्या पानाशी आहे तिथेच राहिलं तर त्याला अर्थ आहे. माझ्या सासरी एका पोथीची फाटकी पानं कुणीतरी मायेने सेलोटेपने जोडली होती. वीस वर्षांत टेप तपकिरी होऊन सुटली आणि जाताना तिने अक्षरं उचलून नेली. "श्रीगणेशाय नमः" मधला "श्री" टेपला चिकटलेला मी पाहिलाय. त्याच पोथीत एका ओळीवर पिवळा पट्टा आहे. लिहिणाऱ्याची चूक झाली, त्याने तिच्यावर हरताळ, म्हणजे एका पिवळ्या खनिजाचा रंग, लावला आणि वर बोरूने बरोबर शब्द लिहिला. हरताळ फासणं हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो, तो हा असा. उजेडात पान तिरपं धरलं की खालचं चुकलेलं अक्षर अजून दिसतं.

सोडाल तेव्हा हात धुऊन कोरडे करा, खाली स्वच्छ सुती कापड पसरा, आणि एकेक रुमाल बांधलेला असताना, सोडताना, सोडल्यावर असे फोटो काढा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. वेखंडाची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात ठेवा, पानांत नको.

मग शेवटचं पान काढा. तिथे लिहिणाऱ्याने बहुधा शक, संवत्सर आणि तिथी घातलेली असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. आकडा फाटला असेल तर संवत्सराचं नाव कामाला येतं, कारण ते साठ वर्षांनी एकदाच येतं. "शके १७४२ विक्रमनाम संवत्सरे" असं दिसलं तर पोथी १८२०-२१ची, म्हणजे पणजोबांच्या जन्माच्याही पुष्कळ आधीची. लिहिणाऱ्याचं नाव आणि गावही पुष्कळदा तिथेच असतं.

तेवढ्या एका पानाचा स्पष्ट फोटो काढून मला दाखवा. वाचून देते.