पाणथळीवर मुक्कामाला जायचंय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

पाणथळ जागांवर भटकायला, टेंट टाकायला जायचंय म्हणून बरीच पत्रं आलीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यावर जास्त बोलायला हवं त्यावर जास्त जागा दिलीये.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं आणि दोन मुलं, वय ६ आणि ९. एका संरक्षित पाणथळ जागेत एक रात्र टेंटमध्ये राहायचंय, नेटवर फोटो बघितलेत, अगदी पाण्याला लागून टेंट आणि समोर सूर्योदय, मुलं तेव्हापासून मागे लागलीयेत. एक मित्र म्हणतो रामसर साइट असली की आत जाताच येत नाही, दुसरा म्हणतो कोण विचारतंय, बिनधास्त जा. नक्की काय खरं?

उत्तर : दोघांचंही चुकतंय. रामसर हे इराणमधलं शहर, तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून त्या यादीतल्या जागांना रामसर साइट म्हणतात आणि २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. हा करार माणसांना बाहेर काढा असं म्हणत नाही, जागेचा मूळ स्वभाव न बिघडवता शहाणपणाने वापरा असं म्हणतो. पण आत कुठपर्यंत जायचं, रात्री थांबायचं की नाही, हे तिथला कायदा आणि ती जागा सांभाळणारं खातं ठरवतं. एकाच तळ्याचा एक काठ अभयारण्यात आणि समोरचा बाहेर असंही असू शकतं. म्हणून निघायच्या आधी फोन करा आणि विचारा की रात्री राहायला परवानगी आहे का, असेल तर नेमकी कुठे, आणि सध्या विणीच्या हंगामामुळे कुठला भाग बंद आहे का. हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा.

आता त्या फोटोबद्दल. परवानगी असली तरी पाण्याला लागून टेंट टाकू नका, प्लीज. काठाची ती ओली पट्टी आपल्याला रिकामी दिसते पण तिथेच सगळा संसार चाललेला असतो. शेकाट्या घ्या, लांब गुलाबी पायांचा काळापांढरा पक्षी. तो पाण्याच्या कडेला जमिनीवरच चार काड्या जमवून अंडी घालतो, बहुतेक वेळा चार, मातकट रंगाची, वर काळे ठिपके, दोन पावलांवर असली तरी डोळ्यांना सापडत नाहीत. कडक ऊन असलं की हा पक्षी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या अंगाने अंड्यांवर येऊन बसतो, म्हणजे अंडी तापू नयेत. आता तुम्ही तिथे टेंट ठोकला तर अंड्यांवर पाय पडायचीही गरज नाही, पक्षी उठतो आणि तुम्ही हलत नाही तोवर परत येत नाही, अंडी तशीच उन्हात पडून राहतात. हे सगळं आपल्याला कळतही नाही, आपण चहा पीत बसलेलो असतो.

तुमच्या दृष्टीनेही काठ वाईटच. रात्रीत भरती येते किंवा वरून धरणाचं पाणी सोडतात आणि टेंटखाली चिखल होतो, दव जास्त, डास जास्त, आणि जिथे मगरी आहेत तिथे तर विषयच संपला, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात याच कारणासाठी पाण्यापासून निदान ५० मीटर लांब झोपा असं सांगतात. तुम्ही साधारण ६० मीटर मागे या, जरा उंचवटा बघा, आणि आधीपासून वापरात असलेल्या मोकळ्या जमिनीवरच टेंट लावा, नवीन गवत तुडवू नका. पहाटे अंधार असतानाच मुलांना उठवा, न बोलता काठाच्या दिशेने चालत या, जरा अलीकडेच खाली बसा आणि दुर्बीण त्यांच्या हातात द्या. सूर्योदय तोच दिसणार आहे, वर पक्षीही दिसतील, जे त्या फोटोत एकही नाहीत.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या मोठ्या दलदलीत बऱ्याच भागात झोपायला कोरडी जमीनच नाही, तिथे पाण्यात खांब रोवून छपराची लाकडी मचाणं बांधलीयेत, त्यांना चिकी म्हणतात. परमिट काढायचं, होडीने जायचं, रात्र त्या फळ्यांवरच काढायची. खिळा किंवा खुंटी ठोकायची नाही, म्हणून स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा टेंटच न्यावा लागतो. मला ही पद्धत फार आवडते, माणसाला रात्र मिळते आणि पाण्याचं काही बिघडत नाही.

प्रश्न : शेकोटीशिवाय कॅम्पिंग म्हणजे काय मजा! सगळीकडे पाणीच आहे ना, आग पसरणार कुठे?

उत्तर : पसरते, आणि खालून पसरते. बऱ्याच दलदलींमध्ये पायाखाली पीट असतं, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेला झाडपाला. कोरड्या दिवसांत पाणी खाली गेलं की हे पीट जळणासारखंच पेटतं, ज्वाळा दिसत नाहीत, आतल्या आत आठवडेच्या आठवडे धुमसत राहतं, तुम्ही वर बादलीभर पाणी ओतून घरी गेलात तरी. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर पीट आहे पण त्यात जगातल्या सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन साठलाय. एका रात्रीच्या गप्पांसाठी त्याला काडी लावायची? छोटा गॅस स्टोव्ह न्या, सपाट दगडावर ठेवा, वाळक्या लव्हाळ्यापासून लांब. गप्पा अंधारातही होतात, उलट जास्त चांगल्या होतात.

प्रश्न : नवीन झूम लेन्स घेतलीये, ड्रोन पण आहे. पक्ष्यांच्या किती जवळ गेलेलं चालतं? थवा उडतानाचा शॉट हवाय म्हणून एक-दोनदा टाळी वाजवली तर काय होतं?

उत्तर : टाळी नको, अजिबात नको. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अंगावर ट्रान्समीटर लावलेला एक गॉडविट पक्षी अलास्काहून निघाला आणि ११ दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचला, तेव्हा तो फक्त पाच महिन्यांचा होता. असा प्रवास करणारे पक्षी चिखलातले किडे आणि शिंपले खाऊन अंगावर चरबी चढवतात, तेच त्यांचं पेट्रोल. तुमच्या टाळीने थवा उठला की खाणं थांबतं आणि साठवलेलं खर्च होतं, आणि दिवसभरात असे टाळ्या वाजवणारे किती येतात याचाही विचार करा.

अंतर मीटरमध्ये मोजत बसू नका, पक्ष्याकडे बघा. खाणं थांबवून मान वर केली की तुम्ही जास्त जवळ आलात, तिथेच थांबा. चालत लांब जायला लागला तर मागे या. आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असेल तर घरटं किंवा पिल्लं जवळच आहेत, खाली बघत आल्या पावली परत फिरा. ड्रोन घरी ठेवा, बहुतेक संरक्षित जागांत त्याला तशीही बंदी असते आणि पक्ष्यांना तो शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हेही बंद करा.

प्रश्न : डासांसाठी काय लावायचं?

उत्तर : आधी कपडे. पूर्ण बाह्या, फुल पँट, फिके रंग, मोजे वर ओढलेले, संध्याकाळी टेंटची चेन लावलेली. उघड्या अंगाला डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं क्रीम चालेल, मुलांसाठीचं प्रमाण पाकिटावर बघून, फक्त हात पुसल्याशिवाय दुर्बिणीला लावू नका कारण डीटने प्लॅस्टिक खराब होतं, आणि क्रीम लावून पाण्यात उतरू नका. परमेथ्रिन हे कीटकनाशक मारलेले कपडे मिळतात, ते तळ्यात किंवा ओढ्यात मुळीच धुवायचे नाहीत, माशांना ते फार विषारी असतं. कॉइल जाळून किंवा धूर करून उघड्यावर फारसा फायदा नाही.

प्रश्न : विचारायला लाज वाटते पण टॉयलेटचं काय करायचं?

उत्तर : लाजू नका, हे विचारायलाच हवं. एरवी जंगलात पाण्यापासून ६० मीटर लांब वीतभर खड्डा करून पुरायचं असं सांगतात, पण पाणथळीत खणलं की हातभरावर पाणी लागतं आणि मग सगळं त्यातच जातं. म्हणून टॉयलेट असलेलीच कॅम्पसाइट निवडा, नसेल तर घट्ट बंद होणारी पिशवी आणि डबा न्या आणि सगळं परत आणा, टिश्यू, वाइप्स, डायपर धरून. भांडीही तळ्यात धुवू नका, साबण कुठलाही असो.

प्रश्न : आमचा कयाक आहे, एकाच सुट्टीत दोन-तीन तळी करायचा प्लॅन आहे. काही काळजी?

उत्तर : हो, ती म्हणजे तुमचा कयाक आणि तुमचे बूट. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, आज जगभर तळी गिळत चाललीये, आणि तिचा एक तुकडा नव्या पाण्यात पडला तरी तो वाढतो. शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत, बेडकांना मारणारी बुरशी ओल्या चिखलातून जाते. त्यामुळे बाहेर आल्यावर काठावरच कयाक उलटा करून सगळं पाणी काढा, वल्ही, दोऱ्या, बुटांच्या तळव्यातल्या खाचा बघा, ब्रशने चिखल काढा, मग सगळं खडखडीत वाळू द्या, नुसतं वरवर नाही तर आतल्या शिवणीपर्यंत. वाळायला वेळच नसेल तर दुसऱ्या तळ्यावर काठावरून दुर्बिणीने बघा, कयाक गाडीवरच राहू दे.